पारा, पाडा आणि छावणी

छत्तीसगढी बोलीत वस्तीला ‘पारा’ म्हणतात. मराठीतला ‘पाडा’ आणि बंगालीतला याच अर्थाचा शब्द ही त्याचीच भावंडे. रायपूरच्या जुन्या भागात असे अनेक पारे एकमेकांना चिकटून आहेत. ब्राह्मणपारा, त्याच्या शेजारचा तात्यापारा, पलीकडचा बुढापारा. यांपैकी तात्यापारा या नावावरची मराठी मोहोर तर वेगळी दाखवावी लागत नाही. या वस्त्यांपासून दहा-बारा किलोमीटरांवर, शहराच्या आग्नेयेस, माना नावाचे ठिकाण आहे. त्याचे सरकारी नाव मात्र ‘माना कॅम्प’ असेच राहिले. तिथे साठ वर्षांपूर्वी आलेली माणसे आता तिसऱ्या पिढीत पोचली, घरे पक्की झाली, नगर पंचायत आली, तरी छावणी हा शब्द नावातून गेला नाही. पाऱ्यात राहणारा कोण आणि छावणीत राहणारा कोण, हे केवळ कोण आधी आला यावरून ठरले, असे इतिहासाकडे पाहून म्हणता येत नाही.

रायपूरचे मराठी लोकही बाहेरूनच आले. १७४१-४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत रतनपूरच्या हैहय राज्यावरून पुढे बंगालच्या स्वारीवर गेला. या स्वाऱ्यांना बंगालच्या स्मृतीत ‘बर्गी’ हे नाव आहे. तेथील मुलांना झोपविताना ज्याची भीती घालीत, तो बर्गी म्हणजे आपला बारगीर. भागीरथीच्या पश्चिमेकडची गावेच्या गावे उठून नदीपलीकडे पूर्वेला गेली. गंगाराम नावाच्या समकालीन कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ या नावाचे काव्य लिहून या पळापळीची नोंद ठेवली, आणि कोलकात्याच्या इंग्रजांनी संरक्षणासाठी खणलेला चर ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. मराठी इतिहासलेखनात या प्रकरणाचा हिशेब चौथाईच्या रकमांत मांडला जातो. निर्वासितांच्या संख्येत तो क्वचितच मांडला गेला आहे. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून १७५८ ते १७८७ पर्यंत कारभार केला, त्यांच्यामागे सुभेदार आले, सुभेदारांमागे कारकून, पुरोहित, सावकार आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी मराठी माणूस परत गेला नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तेव्हा शाळा, कचेऱ्या, वकिली आणि पुढे रेल्वे यांच्या निमित्ताने तो येतच राहिला. वामनराव लाखे आणि माधवराव सप्रे ही नावे छत्तीसगडच्या सार्वजनिक जीवनात आज परकी वाटत नाहीत. सप्र्यांनी तर १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. बंगाली सुशिक्षितही याच काळात आले. १८७७ च्या सुमारास विश्वनाथ दत्त वकिलीच्या कामानिमित्त रायपुरात राहिले, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा नरेंद्रही होता. तोच पुढचा विवेकानंद.

यांपैकी कोणालाही वास्तव्याचा दाखला मागितला गेला नाही. ज्याच्यामागे राज्य उभे असते, त्याचे येणे ‘स्थलांतर’ ठरत नाही. ते ‘नेमणूक’ किंवा ‘वसाहत’ ठरते.

कागद मागितला जात होता तो वेगळ्या माणसाकडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांतील हजारो शेतमजूर आसामच्या चहामळ्यांकडे गेले. १८८२ चा अंतर्गत स्थलांतराचा कायदा आणि १९०१ चा आसाम मजूर व स्थलांतर कायदा यांच्या चौकटीत त्यांची नोंद होई, करारावर अंगठा घेतला जाई आणि डेपोत वैद्यकीय अधिकारी त्यांना प्रवासास व कामास योग्य ठरवी. ही तपासणी मजुराच्या हितासाठी होती असे कायदा सांगे. प्रत्यक्षात तिने मळेवाल्याच्या गुंतवणुकीचे संरक्षण अधिक केले, असेच म्हणावे लागते. कारण डेपोत दाटीने बसविलेल्या आणि आधीच उपासमारीने खंगलेल्या माणसाला पटकी झाली, तर त्याची जबाबदारी त्याच्या जातीवर, सवयींवर किंवा त्याच्या गावावर टाकली जाई. या लोंढ्यातल्याच एका कुटुंबात आसामात जन्मलेल्या मिनीमाता पुढे छत्तीसगडात परतल्या आणि १९५० च्या दशकात लोकसभेत गेल्या. त्या प्रदेशाची पहिली स्त्री खासदार बाहेर जन्मलेली होती, ही गोष्ट या विषयाचा विचार करणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच सुमारास मराठी माणसालाही एकदा संशयित प्रवासी व्हावे लागले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग निघाला, आणि काही महिन्यांतच शहरातून लाखो लोक बाहेर पडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे आणि संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, हे अधिकार त्याने सरकारला दिले. मराठीत या कायद्याची आठवण पुण्यात सोल्जर घरात शिरले, देवघरे बाटली आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, अशा क्रमाने सांगितली जाते. स्थानकांवर उतरवून घेतलेल्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूची आठवण तितकी जपली गेली नाही. खरे पाहता त्या कायद्याचे दीर्घायुष्य त्या उतारूशीच निगडित आहे. रोग कोठे आहे हे जेव्हा कळत नाही, तेव्हा माणूस कोठून आला हे विचारले जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते, दुसऱ्याचे तिकिटावर मिळते.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेऊन मानाकडे वळावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माना येथे विमानतळ आणि सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या होत्या. पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्या विस्थापितांना मध्य भारतात वसविण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प स्थापन केला. ओरिसातील कोरापुट व कालाहांडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर हे त्याचे क्षेत्र. १९६४ च्या जानेवारीत खुलना आणि ढाका परिसरात दंगली उसळल्या, आणि नव्याने आलेल्या लोकांना वाटेत थांबविण्यासाठी माना येथे संक्रमण छावणी उघडली गेली. संक्रमण म्हणजे काही आठवड्यांचा मुक्काम असे गृहीत होते. कित्येक कुटुंबांनी तिथे वर्षे काढली. भोवतालची जमीन छत्तीसगढीत ज्याला ‘भाठा’ म्हणतात त्या जातीची, म्हणजे मुरमाड, लाल, पाणी न धरणारी. खाडी-नद्यांच्या गाळात भात पिकविणारा आणि होडीने बाजाराला जाणारा खुलना-बरिशालचा शेतकरी अशा माळावर तंबूत येऊन बसला.

तो बसला तोही एका वर्गवारीत. सरकारी दप्तरात ऑक्टोबर १९४६ ते मार्च १९५८ या काळात आलेले ते ‘जुने स्थलांतरित’. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ते ‘नवे स्थलांतरित’. पहिल्यांची संख्या ४१.१७ लाख, दुसऱ्यांची ११.१४ लाख. या दोहोंच्या मध्ये, एप्रिल १९५८ ते डिसेंबर १९६३ या काळात, जे आले त्यांच्यासाठी साहाय्याचा रकानाच नव्हता. संकट थांबले आहे असे सरकारने ठरविले होते, आणि माणसे मात्र येत राहिली होती. नव्या स्थलांतरितांवर आणखी एक अट होती. पश्चिम बंगालबाहेर वसण्यास जो तयार होईल त्यालाच शिधा, रोख मदत आणि पुनर्वसन. अर्थात मानाला आलेला माणूस स्वेच्छेने आला, असे कागदावर लिहिलेले असे.

नागरिकत्वाचा प्रश्न त्याहून वेगळा. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही तारीख धरून पाकिस्तानातून आलेल्यांची व्यवस्था लावली. पण ती संविधानाच्या आरंभीची तरतूद होती, १९६४ मध्ये आलेल्याला तिचा उपयोग नव्हता. त्याच्यासाठी १९५५ चा नागरिकत्व कायदा होता. अविभाजित भारताशी जन्माचे नाते असलेल्या व्यक्तीला भारतात सहा महिने वास्तव्य करून नोंदणीने नागरिक होता येत असे, आणि हे काम जिल्हाधिकाऱ्याकडे होते. हा मार्ग मोकळा होता, परंतु छावणीतल्या माणसाच्या दृष्टीने निकडीचा कागद हा नव्हे, तर शिधापत्रिका होती. ती असली की पोट भरे. कित्येकांनी नोंदणी केली, कित्येकांनी केली नाही, आणि शिधापत्रिका म्हणजेच नागरिकत्व अशी एक समजूत दोन पिढ्या टिकली. गंमत अशी की त्याच तंबूत १९६५ साली जन्मलेले मूल मात्र जन्मतःच भारताचे नागरिक होते. कारण १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याच्या आईबापांची कायदा चौकशी करीत नाही. आई परदेशी, मूल नागरिक, आणि दोघांचा शिधा एकाच पत्रिकेवर. पुढे हा उदारपणा आखडत गेला. नोंदणीसाठी वास्तव्याची अट १९८६ मध्ये पाच वर्षांची झाली, नंतर सात वर्षांची. आणि २००३ च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ ठरणाऱ्याला नोंदणीचे दारच बंद केले.

१९७१ मध्ये या सगळ्या वर्गवारीची कसोटी लागली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली आणि डिसेंबरपर्यंत भारतात नोंदलेल्या निर्वासितांचा आकडा ९८,९९,३०५ वर गेला. पश्चिम बंगालच्या सीमावर्ती जिल्ह्यांत माणसे मावेनात, तेव्हा त्यांना आतल्या राज्यांत पाठविण्याचे ठरले. बहुतेक राज्ये नाखूश होती, आणि पटकीची भीती हे त्या नाखुशीला सांगण्याजोगे कारण मिळाले. मध्य प्रदेशातील तीन छावण्यांत २,१९,२९८ लोक आले, खास आगगाड्यांतून. आता माना परिसरात एकच भाषा बोलणारे, क्वचित एकाच गावचे दोन शेजारी असे असत की एक २५ मार्चच्या आधीचा म्हणून ‘नवा स्थलांतरित’, त्याला जमीन द्यायची. दुसरा त्या तारखेनंतरचा, त्याला परत पाठवायचे. दुसऱ्याला परदेशी नागरिक म्हणून तात्पुरती मुभा होती. मार्च १९७२ पर्यंत त्यांच्यापैकी बहुतेक सर्व परतले, असे सरकारने नोंदविले.

रोगाची भीती मात्र निराधार होती, असे म्हणणे चुकीचे होईल. १९७१ च्या उन्हाळ्यात सीमेवर पटकीची साथ खरोखरच भयंकर होती. ती कशी आटोक्यात आली, हे पाहण्यासारखे आहे. बनगावच्या छावणी-रुग्णालयात शिरेतून द्यावयाचे सलाइन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि ते पाजत राहण्यास सांगितले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण तेथे ३.६ टक्क्यांवर आले. ही माणसे कोण, कायदेशीर की कशी, याचा त्या पिंपाशी काही संबंध नव्हता. किंबहुना ज्यांच्यापासून समाजाला धोका आहे असे म्हटले जात होते, त्याच अनपढ नातेवाइकांनी ती साथ हाताने परतविली. दुसरीकडे सीमेवर पटकीची लस टोचून दाखले देण्याचे कामही जोरात चालू होते. या लशीच्या दाखल्याने पटकीचा प्रवास थांबत नाही, हे मान्य करून जागतिक आरोग्य सभेने १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची ती अट काढून टाकली. पटकी पाण्यातून जाते. विहीर आणि संडास यांच्यातले अंतर हीच तिची सीमारेषा. छावणीची जागा कोणी निवडली, कूपनलिका किती खणल्या, हे प्रश्न तिच्या बाबतीत माणसाच्या जन्मगावापेक्षा महत्त्वाचे ठरतात.

याच वर्षातला दुसरा दाखला उलट बाजूचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत दोन लाखांहून अधिक माणसे होती. तिथे देवीचे रुग्ण होते, पण त्यांना कांजिण्या समजले गेले. जानेवारी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवरील दृश्यांत एका तज्ज्ञाला ते पुरळ ओळखू आले, तोपर्यंत माणसे घराकडे निघाली होती. १९७० पासून देवीमुक्त असलेल्या भूमीत देवी परत गेली आणि बांगलादेशाला तिच्यातून सुटण्यासाठी ऑक्टोबर १९७५ पर्यंत झगडावे लागले. तेव्हा माणसाबरोबर रोग जातो, हे खरेच. परंतु या वेळी तो निर्वासितांनी आपल्याकडे आणला नव्हता. आपल्या छावणीने तो त्यांच्याबरोबर पाठविला. वेळीच निदान झाले असते, तर परतीच्या गाड्या सुटण्याआधी टोचणी करता आली असती. ज्यांना लवकरात लवकर परत पाठवायचे आहे, त्यांच्या अंगावरचे पुरळ बारकाईने पाहायला यंत्रणेला सवड नसते.

मानातून पुढे पाठविलेल्यांचे काय झाले? दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद काही महिने सांभाळून बाजूला झालेले सनदी अधिकारी शैवालकुमार गुप्त यांनी १९६५ मध्ये इंग्रजी साप्ताहिकातून या पुनर्वसनाची झडती घेतली. जमिनीचा कस न तपासता वाटप, पाण्याची तुटपुंजी सोय, आकड्यांवर भर, हे त्यांचे आक्षेप. त्यात हिवतापाची भर पडली. बस्तरच्या जंगलातला हिवताप तिथल्या आदिवासींनाही सोडत नसे, तेव्हा नव्याने आलेल्यांना तो सोडील कसा? पण आदिवासींची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्या वहिवाटीचे जंगल तोडून ‘रिकामी’ जमीन तयार केली गेली आणि तिच्यावर आलेला माणूस सरकारच्या हाताला धरून आला होता. त्यांच्या विरोधाला परप्रांतीयांचा द्वेष म्हणणे सोपे, पण ते अन्यायाचे होईल. दोन दुर्बळांना एकाच तुकड्यावर उभे करून सरकार बाजूला झाले. त्यातच बंगालमध्ये अनुसूचित जातीत गणले गेलेले नमःशूद्र सीमा ओलांडून मध्य प्रदेशात, पुढच्या छत्तीसगडात आणि महाराष्ट्रात आले, तेव्हा तेथील यादीत त्यांचे नाव नव्हते. प्रवासात त्यांची जात कागदावरून गळून पडली. व्यवहारातली मात्र त्यांच्याबरोबर आली.

१९७८ मध्ये दंडकारण्यातील लाखाहून अधिक माणसे आपणहून बंगालकडे निघाली. त्यांची संघटना मानाच्या छावणीतच बांधली गेली होती. त्यांतील काही हजार सुंदरबनातील मरिचझापी बेटावर पोचले आणि त्यांनी स्वतः शाळा, दवाखाना, मीठागरे उभी केली. राखीव जंगलात हे बेकायदा वास्तव्य आहे, असे सांगून जानेवारी १९७९ च्या अखेरीस बेटाची नाकेबंदी झाली. अन्न, पिण्याचे पाणी आणि औषधे तोडली गेली. ३१ जानेवारीला गोळीबार झाला आणि मे महिन्यात बेट रिकामे करण्यात आले. मृतांच्या आकड्यावर अजून एकमत नाही. उरलेल्यांना पुन्हा दंडकारण्याकडे पाठविले गेले. इथे आजार हा स्थलांतराचा परिणाम नव्हता. पाणी तोडून तो हद्दपारीचे साधन केला गेला.

महाराष्ट्राचा वाटाही यात आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या चामोर्शी आणि मुलचेरा भागात, बंगाली कुटुंबे वसविली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे नकाशावर आली. पलीकडे, छत्तीसगडच्या परलकोटमध्ये, वस्त्यांना नावेसुद्धा मिळाली नाहीत, ‘पी. व्ही.’ ही अक्षरे आणि पुढे क्रमांक, हीच त्यांची ओळख राहिली. गडचिरोलीतल्या मुलांनी शाळेत मराठी शिकली, घरी बंगाली ठेवली. जातीचा दाखला आणि जमिनीचा पूर्ण मालकी हक्क, या त्यांच्या मागण्या कितीतरी निवडणुकांतून तशाच पुढे सरकत आल्या.

मानात तर आणखी एक वर्ग होता. निराधार विधवा, वृद्ध, अपंग यांना सरकारी भाषेत ‘कायमचे दायित्व’ म्हणत आणि त्यांच्या निवासालाही तेच नाव होते. जमीन कसू शकणारा घटक असेल तर पुनर्वसन, नसेल तर दायित्व. जमाखर्चाच्या वहीतला शब्द माणसाला लावताना कोणाला तो टोचला नसावा.

मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून, तेलंगणातून निघालेले मजूर बाघनदीची सीमा ओलांडून रायपूरच्या टाटीबंध चौकात येत होते. तिथून बसगाड्या त्यांना पुढे नेत. साथ तेव्हा महाराष्ट्रात सर्वांत अधिक होती, त्यामुळे ‘महाराष्ट्रातून आलेला’ हे शब्द पुन्हा एकदा निदानासारखे उच्चारले गेले. १८९७ चाच कायदा लागू होता. छत्तीसगडच्या मजुराला त्याच्याच गावाच्या वेशीबाहेर, शाळेत वा पंचायतीच्या इमारतीत, चौदा दिवस थांबावे लागले. त्याच काळात रायपूरचे कोविड रुग्ण ज्या रुग्णालयांत ठेवले गेले, त्यांत मानाचे शासकीय रुग्णालयही होते. जुन्या पाऱ्यांतले रुग्ण छावणीच्या गावी उपचार घेऊ लागले, आणि याची कोणी विशेष नोंद घेतली नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या, पण मुस्लिमांखेरीज ठरावीक धर्मांच्या, लोकांना त्यात वाट दिली आहे. धर्माच्या निकषावर आक्षेप घेणारे आणि उशिरा का होईना न्याय झाला असे म्हणणारे, दोन्ही पक्ष देशभर आहेत. १९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. त्याच वर्षाच्या अखेरीस छत्तीसगडात मतदारयाद्यांची विशेष सखोल तपासणी झाली आणि २००३ च्या यादीशी नाते दाखविणे प्रत्येकाला भाग पडले. ब्राह्मणपाऱ्यातही तोच अर्ज भरावा लागला आणि मानातही. सुभेदारांमागे आलेल्या मराठी घरांना आपला पूर्वज कोणत्या साली या प्रांतात आला हे सांगावे लागले नाही; वडिलांचे नाव जुन्या यादीत सापडले की काम झाले. परलकोटच्या क्रमांकाच्या गावात मात्र, यादीत नाव असूनही, आजोबांची १९६४ सालची शिधापत्रिका कापडात गुंडाळून ठेवण्याची पद्धत घरोघर आहे.